चांद्याच्या परकोटात

महाराष्ट्राचा विस्तार सांगायचा झाला की ‘चांद्यापासून बांद्यापर्यंत’ हे शब्द आपसूक ओठांवर येतात. मात्र ज्यांनी हा शब्दप्रयोग आयुष्यभर वापरला, त्यांतील फारच थोड्यांनी प्रत्यक्ष चांदा पाहिलेला असतो. १९६४ मध्ये चांद्याचे चंद्रपूर झाले. आज बाहेरगावचा प्रवासी या जिल्ह्यात येतो तो बहुधा ताडोबाच्या वाघासाठी. नागपूरहून मोटारीने मोहर्लीला उतरायचे, दोन-तीन फेऱ्या जंगलात मारायच्या आणि आल्या वाटेने परतायचे, असा सहलीचा ठरलेला क्रम असतो. मोहर्लीहून तासाभराच्या अंतरावर गोंड राजांची तटबंदीयुक्त राजधानी चार दरवाजे आणि पाच खिडक्यांसह उभी आहे, याची त्याला वार्ताही नसते. शहरातून जाण्याचा प्रसंग आलाच, तर जटपुरा दरवाजा त्याच्या लक्षात राहतो तो वाहनांच्या कोंडीमुळे.

हाच मराठी प्रवासी इटलीत गेला की टस्कनी आणि उंब्रिया प्रांतांतील डोंगरमाथ्यावरची जुनी गावे मोठ्या उत्सुकतेने पाहतो. सिएना, सान जिमिन्यानो, ऑर्व्हिएतो ही नावे युरोप सहलीच्या पत्रिकेत ठळकपणे छापलेली असतात. गावाच्या वेशीबाहेर बस थांबते, प्रवासी दरवाजातून पायी आत शिरतो, तटावरून खालची शेते न्याहाळतो आणि एका दिवसात त्या गावाचा आठशे वर्षांचा इतिहास मनात साठवून परततो. सान जिमिन्यानोच्या दगडी बुरुजांपैकी आता चौदाच उरले आहेत. तरीही १९९० मध्ये ‘युनेस्को’ने त्या गावाला जागतिक वारशाचा दर्जा दिला. तेथे दरवाजा कोणी बांधला, बुरूज कशासाठी उभारले, याची उत्तरे प्रवाशाला पावलोपावली मिळतात. चांद्यात प्रश्न पडण्याजोगे पुष्कळ आहे. उत्तर देणारे मात्र कमी आहे. प्रवाशाच्या अनुभवात अंतर पडते ते मुख्यतः याच कारणाने.

सशाच्या वाटेवरचा तट

चांद्याच्या गोंड राजांची राजधानी आधी सिरपूर, मग वर्धा नदीकाठचे बल्लारपूर आणि शेवटी चंद्रपूर असा प्रवास करीत आली. बल्लारपूर सोडण्यामागची आख्यायिका आजही शहरात घरोघरी सांगितली जाते. खांडक्या बल्लाळशहा या राजाच्या अंगावर गाठी आणि फोड उठले होते. शिकारीला गेला असता तहानेने व्याकूळ होऊन तो झरपट नदीच्या कोरड्या पात्रात आला. तेथल्या एका खळग्यातील पाण्याने त्याने हातपाय धुतले आणि त्या रात्री त्याला शांत झोप लागली. सकाळी पाहतो तो व्याधी गेलेली. जेथे हे पाणी सापडले, तेथे अंचलेश्वराचे देऊळ उभे राहिले. पुढे त्याच परिसरात राजाला एक विलक्षण दृश्य दिसले. कपाळावर पांढरा ठिपका असलेला एक ससा चक्क राजाच्या कुत्र्याच्या मागे लागला होता! राणीने हा शुभशकुन मानला आणि ससा ज्या वाटेने धावला, त्याच वाटेवर नगराचा तट बांधावा, असा सल्ला दिला.

एकोणिसाव्या शतकात या जिल्ह्याची जमीनमोजणी करणारे इंग्रज अधिकारी मेजर ल्युसी स्मिथ यांनी आपल्या १८६९ च्या अहवालात गोंड राजांच्या परंपरा नोंदवून ठेवल्या. पुढचे बहुतेक लेखन त्याच आधारावर झाले. आख्यायिका बाजूला ठेवली तरी उरतो तो घडीव दगडांचा भक्कम परकोट. त्याचा घेर दहा किलोमीटरच्या आसपास आहे. तटाची आखणी खांडक्या बल्लाळशहाने केली; बांधकाम मात्र पुढच्या अनेक पिढ्या चालले.

उत्तरेला जटपुरा, पश्चिमेला बिनबा, दक्षिणेला पठाणपुरा आणि पूर्वेला अंचलेश्वर असे चार दरवाजे या तटाला आहेत. त्यांच्याखेरीज चोर, विठोबा, हनुमान, मसाण आणि बगड या नावांच्या पाच खिडक्या आहेत. येथे खिडकी म्हणजे तटातील लहान दरवाजा. मसाण खिडकीचे प्रयोजन तिच्या नावातच आहे. मोठ्या दरवाजांतून राजा, सैन्य आणि व्यापाराच्या गाड्या जात; खिडक्यांतून गावाचे रोजचे जीवन चाले. दरवाजांवर हत्तीला नमविणाऱ्या सिंहाचे शिल्प कोरलेले आहे. ते गोंड राजांचे राजचिन्ह.

अठराव्या शतकाच्या आरंभी राणी हिराईने पती बीरशहाच्या मागे दत्तक पुत्र रामशहाच्या वतीने राज्य सांभाळले. महाकालीचे सध्याचे मंदिर आणि बीरशहाची समाधी या तिच्याच काळातील वास्तू होत. इ. स. १७५१ च्या सुमारास नागपूरकर रघूजी भोसल्यांनी चांदा जिंकला आणि अखेरचा गोंड राजा नीलकंठशहा बंदिवान झाला. मे १८१८ मध्ये, विदर्भाचा उन्हाळा ऐन भरात असताना, इंग्रज फौजेने तटाला तोफांनी खिंडार पाडले. किल्लेदार गंगासिंह या लढाईत पडला. नागपूरचे भोसले संस्थान खालसा झाल्यावर चांद्यावर इंग्रजांचा प्रत्यक्ष अंमल सुरू झाला. म्हणजे या एकाच तटाने गोंड, भोसले आणि इंग्रज अशा तीन राजवटी पाहिल्या.

पायी पाहण्याचे शहर

हे शहर मोटारीतून दिसत नाही. ते चालूनच पाहावे लागते. सकाळी लवकर जटपुरा दरवाजापासून निघून मुख्य रस्त्याने गांधी चौकाकडे आणि तेथून सरळ दक्षिणेला पठाणपुऱ्याकडे गेले, की गोंडकालीन नगराची लांबी पायांना कळते. पठाणपुरा दरवाजा चारही दरवाजांत विशेष देखणा आहे. त्याच्याबाहेर थोड्या अंतरावर इरई आणि झरपट या नद्यांचा संगम आहे. पावसाळ्यात इरईला पूर आला की पाणी या बाजूच्या रस्त्यावर चढते. दोन नद्यांच्या बेचक्यात राजधानी वसविल्याने शत्रूपासून आपोआप संरक्षण मिळाले. त्याबरोबर पुराची टांगती तलवारही आली.

अंचलेश्वर दरवाजाजवळ गोंड राजांच्या समाध्या आहेत. बीरशहाच्या समाधीची उंच, घुमटाकार इमारत आणि तिच्याभोवतीच्या लहान समाध्या पाहताना मुसलमानी व हिंदू वास्तुशैलींचा मेळ चटकन लक्षात येतो. येथून जवळच महाकालीचे मंदिर आहे. चैत्रात भरणाऱ्या येथील यात्रेला नांदेड, परभणीकडून आणि तेलंगणातून हजारो भाविक येतात, झरपटीत स्नान करतात आणि देवीचे दर्शन घेऊन परततात. ताडोबाच्या पर्यटकाला अपरिचित असलेले हे शहर मराठवाड्यातील कष्टकरी कुटुंबांना मात्र पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. चांद्याचा खरा जुना प्रवासी हाच.

शहराच्या दक्षिणेकडील लालपेठ भागात तर वाटसरू हमखास चकतो. कोळसा खाणींच्या परिसरात, उघड्या आकाशाखाली प्रचंड एकसंध शिळांतून कोरलेल्या मूर्ती विखुरलेल्या आहेत. त्यांतील सर्वांत मोठी मूर्ती पंचवीस फुटांच्या आसपास लांब असून जमिनीवर आडवी आहे. तिला दहा तोंडे असल्याने लोक तिला ‘रावण’ म्हणत आले. वस्तुतः ती दशमुखी दुर्गा आहे. रायप्पा नावाच्या कोमटी व्यापाऱ्याने भव्य शिवमंदिर बांधण्यासाठी या मूर्ती घडविण्यास घेतल्या, परंतु त्याच्या मृत्यूमुळे काम अपुरे राहिले, असे सांगतात. ही हकीकत कोणी सांगितली नाही, तर पाहणाऱ्याला तेथे काही कोरीव खडक तेवढे दिसतात आणि पाच मिनिटांत तो माघारी वळतो. हकीकत कळली, तर त्याच खडकांत न बांधलेल्या देवळाचा आराखडा दिसू लागतो.

तटाच्या आत राहणाऱ्यांचे काय?

चंद्रपूरचा परकोट हे निर्जन स्मारक नाही. त्याच्या आत बाजारपेठ आहे, शाळा आहेत, हजारो कुटुंबांचे संसार आहेत. काही ठिकाणी घरांच्या भिंती तटाला टेकल्या आहेत. परकोट, समाध्या आणि लालपेठच्या मूर्ती भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहेत. १९५८ च्या कायद्यात २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत नवे बांधकाम करण्यास मनाई आहे आणि त्यापुढील दोनशे मीटरपर्यंत परवानगी घ्यावी लागते. एकाकी मंदिराच्या बाबतीत हा नियम सोपा वाटतो. जेथे स्मारकच शहराभोवती वेढा घालून बसले आहे, तेथे मात्र तो शेकडो घरमालकांच्या दारात येऊन उभा राहतो. वडिलोपार्जित घराची भिंत पडली तरी परवानगीच्या फेऱ्यांत अडकलेल्या माणसाला तटाविषयी आपुलकी वाटावी कशी? हत्ती-घोड्यांसाठी बांधलेल्या जटपुरा दरवाजातून आजची सारी वाहतूक जाऊ पाहते, हा आणखी एक पेच आहे.

यावर एक उत्तर शहरातूनच पुढे आले. चंद्रपूरच्या ‘इको-प्रो’ या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी १ मार्च २०१७ पासून परकोटाच्या स्वच्छतेचे अभियान सुरू केले. तटावर आणि बुरुजांवर माजलेली झाडेझुडपे तोडण्याचे, वर्षानुवर्षे साचलेला कचरा उपसण्याचे काम त्यांनी श्रमदानाने शेकडो दिवस चालविले. त्याच वर्षी पंतप्रधानांच्या ‘मन की बात’ या आकाशवाणी कार्यक्रमात त्याचा उल्लेख झाला. झुडपांआड दडलेल्या बुरुजांवर चढण्याच्या वाटा मोकळ्या झाल्या आणि आपल्याच शहराचा तट पहिल्यांदा वरून पाहिला, असे सांगणारे चंद्रपूरकर भेटू लागले. पुढे हे कार्यकर्ते लोकांना किल्ल्याची पायी सफरही घडवू लागले. वारसा जपण्याचा पहिला मान तेथे राहणाऱ्याचा असतो, हे या अभियानाने दाखवून दिले.

इटलीतील गावांनाही हे प्रश्न सुटलेले नाहीत. तेथील अनेक जुन्या गावांत बाहेरच्या मोटारींना तटाच्या आत मज्जाव आहे. रोमच्या उत्तरेस, ढासळत्या टेकडीवर वसलेल्या चिविता दि बान्योरेज्यो या गावात कायमचे रहिवासी जेमतेम मूठभर उरले. डोंगर वाचविण्यासाठी पैसा लागतो म्हणून २०१३ पासून तेथे पाहुण्यांकडून प्रवेशशुल्क घेतले जाऊ लागले. गर्दी वाढली, पैसाही आला. गाव मात्र बव्हंशी पाहुण्यांसाठीच उरले. चंद्रपूरची अवस्था नेमकी उलटी आहे. येथे माणसे भरपूर आहेत, पाहुणेच नाहीत. म्हणूनच येथल्या पर्यटनाचा विचार करताना तटाआतील रहिवाशाला बाहेर काढण्याऐवजी त्यालाच वाटाड्या करता येईल का, हे पाहणे अगत्याचे आहे.

वैनगंगेपलीकडे

चंद्रपूर हे या भागाचे महाद्वार. नागपूर रस्त्यावरील भद्रावती, म्हणजे जुने भांदक, येथे विजासन टेकडीत बौद्ध लेणी आहेत. डोंगराच्या पोटात खोल शिरणाऱ्या दालनाच्या टोकाशी बुद्धमूर्ती आहे. बाहेरचा प्रकाश मागे राहतो आणि अंधाराला डोळे सरावल्यावरच ती उलगडते. भद्रनागाचे मंदिर आणि पार्श्वनाथाचे जैन मंदिरही याच गावात असल्याने तीन परंपरांचे वारकरी येथे एकत्र दिसतात. १८७३ ते १८७५ या काळात मध्य प्रांतात फिरलेले पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी चिनी प्रवासी ह्युएन त्संगने वर्णिलेली कोसलची राजधानी ती हीच, असे मत मांडले होते. ते सर्वमान्य झाले नाही. परंतु भांदकच्या प्राचीनतेकडे अभ्यासकांचे लक्ष त्यामुळे वेधले गेले.

मूल, सावलीमार्गे वैनगंगा ओलांडली की गडचिरोली जिल्हा लागतो. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरचे विभाजन होऊन तो अस्तित्वात आला. चामोर्शीजवळ मार्कंडा येथे वैनगंगा वळण घेऊन उत्तरवाहिनी होते आणि त्याच काठावर दगडी आवारात मंदिरांचा समूह उभा आहे. कनिंगहॅम येथेही आले होते. मंदिरांच्या बाह्यांगावरील शिल्पपट्टांमुळे याला ‘विदर्भाचे खजुराहो’ म्हणतात. मुख्य मंदिराचे शिखर पूर्वी कधी तरी वीज पडून कोसळले होते. २०१५ च्या सुमारास या मंदिराच्या जीर्णोद्धाराचे काम हाती घेण्यात आले. मात्र ते वर्षानुवर्षे रेंगाळल्याने भाविकांची नाराजी ओढवली. महाशिवरात्रीच्या यात्रेत हा शांत नदीकाठ माणसांनी फुलून जातो.

आरमोरी तालुक्यातील वैरागडचा किल्ला आणि तेथील हिऱ्यांच्या खाणीचा ‘ऐन-ए-अकबरी’तील उल्लेख, किंवा टिपागडच्या माथ्यावरील तलाव, हे सारे अभ्यासू प्रवाशाला खुणावणारे आहे. नक्षलवादाच्या भीतीमुळे कित्येक दशके बाहेरच्यांनी गडचिरोलीकडे पाठ फिरविली. त्यात येथील माणसांचे आतिथ्यही अनोळखी राहिले.

केव्हा आणि कसे जावे?

चंद्रपूर आणि बल्लारशाह ही स्थानके दिल्ली-चेन्नई लोहमार्गावर आहेत. नागपूरहून रस्त्याने सुमारे दीडशे किलोमीटर अंतर पडते. येथला उन्हाळा देशातील सर्वांत कडक उन्हाळ्यांपैकी एक. मे महिन्यात तापमापक ४७-४८ अंशांना टेकतो. त्यामुळे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. परकोट आणि समाध्या पाहण्यास सकाळचे तीन-चार तास पुरतात. लालपेठ आणि बल्लारपूरचा किल्ला दुपारनंतर होऊ शकतो. भद्रावतीसाठी अर्धा आणि मार्कंड्यासाठी पूर्ण दिवस राखावा. पाण्याची बाटली आणि जाड तळव्याचे बूट सोबत असावेत. तटावर चढताना स्थानिक जाणकाराला बरोबर घ्यावे.

ताडोबाचे गाभा क्षेत्र मंगळवारी बंद असते. मुक्काम वाढविलेल्या पर्यटकाला तो दिवस वाया गेल्यासारखा वाटतो. तोच दिवस चांद्याला द्यावा. वाघ दिसणे नशिबावर अवलंबून असते. जटपुऱ्याच्या कमानीवरचा सिंह मात्र मान वर करून पाहणाऱ्या प्रत्येकाला दिसतो.