जंताचं औषध पाजूनही करडांची हगवण का थांबत नाही?

उस्मानाबादी शेळीला बरेचदा जुळी होतात, म्हणून मराठवाड्यात तिला मागणी. पण करडं महिना-दीड महिन्याची झाली की त्यातलं एखादं सुस्तावतं. शेपटीखालचे केस चिकटतात आणि लेंड्यांऐवजी घाण वासाची पातळ हगवण सुरू होते. मालक जंताचं औषध पाजतो. फरक पडत नाही, म्हणून आठवड्याने दुसऱ्या कंपनीचं पाजतो.

औषधात खोट नसते. या वयात पहिला संशय घ्यायचा तो आयमेरिया नावाच्या एकपेशीय परजीवीचा. हा कॉक्सिडिओसिस, म्हणजेच रक्ती हगवण. करडांमध्ये मात्र रक्त दिसेलच असं नाही. अल्बेंडाझोल, फेनबेंडाझोल ही औषधं जंतांवर चालतात, आयमेरियाला त्यांचा काहीच उपद्रव होत नाही. लेंडीत तांदळाच्या दाण्यांसारखे पट्टकृमीचे तुकडे दिसले की सगळा राग त्याच्यावर निघतो. तो करडाचं तुलनेने कमीच बिघडवतो, पण डोळ्यांना दिसतो ना!

आयमेरिया घरातच असतो. मोठ्या शेळ्यांना तो क्वचितच आजारी पाडतो, पण त्यांच्या लेंड्यांतून त्याची अंडीवजा बीजं, ऊसिस्ट, पडत राहतात. ओल, ऊब आणि हवा मिळाली की थोड्या दिवसांत ती पक्व होतात. अशा एका ऊसिस्टमध्ये 8 सूक्ष्म जीव दबा धरून असतात. करडू जमीन चाटतं, आईची मळलेली कास तोंडात घेतं, गव्हाणीतच उभं राहून खातं आणि तिथेच घाण करतं. पोटात गेलेले जीव आतड्याच्या पेशींत शिरतात, वाढतात आणि पेशी फोडून बाहेर पडतात. साधारण 2 ते 3 आठवड्यांनी नवे ऊसिस्ट बाहेर टाकले जातात. हगवण त्याआधीही लागू शकते, त्यामुळे लेंडी तपासणीत काही सापडलं नाही म्हणजे आजार नाही, असं धरता येत नाही. उलट धडधाकट करडांतही ऊसिस्ट सापडतात. अहवाल वाचताना करडाचं वय आणि लक्षणं सोबत ठेवावी लागतात, म्हणूनच निदान पशुवैद्यकाचं, औषध दुकानदाराचं नव्हे.

बंदिस्त शेळीपालनात दाटीमुळे हे दुखणं बळावतं. दूध तोडणं, लांबचा प्रवास, पावसाळ्यातली ओल यांपैकी कशाचाही ताण त्याला पुरतो. फिनेल शिंपडून समाधान मिळतं, पण ऊसिस्टचं कवच दणकट असतं. त्याला मारतात ऊन आणि कोरडेपणा. मचाणाची फटींची जमीन, रोज झाडलेला कप्पा, बाहेरून तोंड घालून खाता येईल अशी उंच गव्हाण आणि न गळणारं पाण्याचं भांडं यांवर केलेला खर्च औषधाहून स्वस्त पडतो. शेजारी फिरणाऱ्या कोंबड्यांना मात्र उगाच दोष देऊ नये, त्यांचा आयमेरिया वेगळा असतो आणि तो शेळीला लागत नाही.

उपचारासाठी पशुवैद्यक अँप्रोलियम किंवा सल्फा गटातलं औषध देतात, तेही बहुधा त्या कप्प्यातल्या सगळ्याच करडांना, कारण एक हगायला लागेपर्यंत बाकीच्यांनी बीजं गिळलेली असतात. अँप्रोलियम जास्त दिवस चालू ठेवलं तर बी-1 जीवनसत्त्वाची कमतरता होऊ शकते, म्हणून मात्रा आणि दिवस मनाने वाढवायचे नाहीत. हगवणीने अंगातलं पाणी कमी होतं, तेव्हा क्षारयुक्त पाणी लगेच सुरू करावं. वेळेवर उपचार मिळाले नाहीत तर वाचलेलं करडूही बरेचदा खुरटं राहतं: आतड्याचं अस्तर खराब झालेलं असतं, खाल्लेला चारा अंगी लागत नाही आणि बकरी ईदच्या बाजारात वजनकाट्यावर तेवढा भाव कमी येतो.