अँड्रॉइड सोडून आयफोन घ्यायचा? आधी फोनमध्ये काय काय आहे ते बघा

गेल्या वर्षी आमच्या चुलत बहिणीच्या घरी कुवेतहून आयफोन आला. तिचे मिस्टर सुट्टीवर येताना घेऊन आले होते. घरात सगळे खूश. त्याच संध्याकाळी तिचा जुना अँड्रॉइड फोन रिसेट करून पुतण्याला देऊन टाकला. रात्री नव्या फोनवर व्हॉट्सॲप सुरू केलं, नंबर टाकला, ओटीपी आला आणि समोर सगळं कोरं. एकही जुना मेसेज नाही.

चाचाजान, म्हणजे तिचे वालिद, त्याच वर्षी रमजानमध्ये अल्लाहला प्यारे झाले होते. आजारपणात ते रोज फजरनंतर लेकीला व्हॉइस मेसेज पाठवायचे. औषध घेतलं, झोप लागली, मुलांना शाळेत वेळेवर पाठव, एवढंच. ते सगळे मेसेज त्या फोनमध्ये होते.

"बॅकअप होता ना?" आम्ही फोनवर विचारलं. होता, पण गुगल ड्राइव्हवर. आयफोनमधलं व्हॉट्सॲप ड्राइव्हवरचा बॅकअप उघडत नाही. शेवटी तिचं सिम पुन्हा जुन्या फोनमध्ये घातलं, तिचं गुगल खातं जोडलं आणि बॅकअप परत आणला. बरंच काही आलं. पण ड्राइव्ह भरल्यामुळे बॅकअप मध्येच थांबला होता. चाचाजानचे शेवटचे दोन महिने त्यात नव्हते.

अँड्रॉइड चांगला की आयफोन, हा वाद आम्हाला घालायचा नाही. आमच्या घरीही बारावी झालेली मुलगी आयफोन मागत होती, म्हणून आम्ही नीट माहिती घेतली. ती तुमच्यासमोर ठेवतो.

फरक नेमका कुठे आहे?

फोन ज्या मूळ प्रणालीवर चालतो तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. आयफोनची आयओएस ही ॲपल फक्त स्वतःच्या फोनमध्ये घालते. अँड्रॉइड गुगलची आहे, पण ती सॅमसंग, शाओमी, विवो असे अनेक जण वापरतात. म्हणून अँड्रॉइड फोन सात-आठ हजारांतही मिळतो आणि लाखालाही. भारतात दहापैकी नऊहून जास्त फोन अँड्रॉइडच आहेत.

फोन बदलला तर नंबर, फोटो, कॉन्टॅक्ट सहज जातात. पैसे भरून घेतलेली ॲप्स जात नाहीत, ती पुन्हा विकत घ्यावी लागतात. यूपीआय दोन्हीकडे चालतं, पण नव्या फोनवर नव्याने नोंदणी करावी लागते आणि सुरुवातीला काही काळ पैसे पाठवायची मर्यादा कमी असते. म्हणून फी भरायच्या किंवा शादीच्या खरेदीच्या आठवड्यात फोन बदलू नका. दोन सिम वापरत असाल तर हेही लक्षात ठेवा: भारतात विकल्या जाणाऱ्या आयफोनमध्ये दोन साधी सिम बसत नाहीत, दुसरं ई-सिम करून घ्यावं लागतं. मेमरी कार्डही लागत नाही.

व्हॉट्सॲप नेण्याची योग्य रीत

अँड्रॉइडवरून आयफोनवर व्हॉट्सॲप नेण्याची अधिकृत सोय 2022 पासून आहे. पण त्यात क्रम चुकवून चालत नाही.

1. जुना फोन रिसेट करू नका, विकू नका, एक्स्चेंजला देऊ नका. निदान महिनाभर कपाटात ठेवा.
2. आयफोन कोरा, म्हणजे अजून सेटअप न केलेला असावा. आधीच वापरायला घेतला असेल तर तो रिसेट करावा लागतो.
3. जुन्या फोनवर ॲपलचं 'मूव्ह टू आयओएस' ॲप घ्या. काय काय न्यायचं ते विचारतं तेव्हा व्हॉट्सॲपवर खूण करा.
4. दोन्ही फोन चार्जिंगला लावा आणि एकाच वायफायवर ठेवा. नंबर तोच हवा.
5. नव्या फोनवर जुने मेसेज उघडून बघा. व्हॉइस मेसेज वाजवून बघा. खात्री झाली की मगच पुढचं.

उलट, आयफोनवरून अँड्रॉइडवर जायचं असेल तर नवा फोन सेटअप करतानाच केबल जोडून मेसेज नेता येतात. आयक्लाउडवरचा बॅकअप मात्र अँड्रॉइडवर उघडत नाही. म्हणजे कुलूप दोन्ही बाजूंनी आहे.

आणखी एक गोष्ट. गुगल 15 जीबी जागा फुकट देतं, ॲपल 5 जीबी. पूर्वी अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲप बॅकअप या 15 जीबीत मोजत नव्हते, आता मोजतात. जागा भरली की बॅकअप थांबतो आणि ती सूचना आपण वाचतच नाही. आमच्या बहिणीचं नेमकं हेच झालं.

उर्दू वाचणाऱ्यांसाठी

इथे आयफोन पुढे आहे, हे आम्ही मान्य करतो. 2017 मध्ये आलेल्या आयओएस 11 पासून आयफोनमध्ये उर्दू भाषा जोडली की मजकूर नस्तालीकमध्ये दिसतो, जसा आपण शाळेच्या किताबात वाचला तसा. बहुतेक अँड्रॉइड फोनवर उर्दू अजूनही नस्खमध्ये, अरबीच्या वळणाने दिसते. गंमत म्हणजे आयफोनमध्ये वापरलेला 'नोटो नस्तालीक उर्दू' हा फॉन्ट गुगलने काढलेला आहे. घरात कुणी उर्दू अखबार, शायरी फोनवर वाचत असेल तर त्यांना हा फरक रोज जाणवेल. मराठी दोन्हीकडे ठीक दिसते.

नमाजची वेळ, किब्ला आणि आपलं लोकेशन

किब्ला दाखवण्यासाठी फोनमध्ये होकायंत्राचा सेन्सर लागतो. आयफोनमध्ये तो असतो, स्वस्त अँड्रॉइड फोनमध्ये कधी कधी नसतो. घेण्याआधी दुकानातच बघा.

"आयफोन सेफ असतो" असं मुलं सांगतात. 2020 च्या नोव्हेंबरमध्ये 'मदरबोर्ड' या अमेरिकन वृत्तसंस्थेने बातमी दिली होती. 'मुस्लिम प्रो' या नमाजच्या वेळा सांगणाऱ्या ॲपमधून लोकांचं लोकेशन एक्स-मोड नावाच्या कंपनीकडे जात होतं आणि ही कंपनी असा डेटा अमेरिकी लष्कराशी संबंधित कंत्राटदारांना विकत होती. बातमीनंतर ॲपवाल्यांनी एक्स-मोडशी संबंध तोडले. पुढच्याच महिन्यात ॲपल आणि गुगल दोघांनीही ॲप्समधून एक्स-मोडचा कोड काढायला लावला. हे ॲप दोन्ही फोनवर मिळत होतं, म्हणजे नुसता फोन बदलून हा प्रश्न सुटला नसता. लोकेशनची परवानगी 'फक्त ॲप वापरताना' एवढीच द्या. ही सोय दोन्हीकडे आहे. बऱ्याच ॲप्समध्ये शहराचं नाव हाताने टाकलं तरी नमाजच्या वेळा मिळतात.

पैशांचा हिशेब

फोनची किंमत त्याच्या वयाने भागा. आयफोनला बरीच वर्षं अपडेट मिळतात. 2019 चा आयफोन 11 घ्या, त्याला 2025 ची आयओएस 26 मिळाली. पण आता अँड्रॉइडमध्येही पिक्सेल 8 आणि गॅलेक्सी एस 24 पासून सात वर्षांचा वायदा आहे. स्वस्त अँड्रॉइडला मात्र कमी वर्षं मिळतात. अपडेट बंद पडलेल्या फोनवर बँकेचं ॲप चालवणं धोक्याचं. सेटिंग्जमध्ये सिक्युरिटी अपडेटची तारीख दिसते, ती आजच बघा.

'नो कॉस्ट ईएमआय'बद्दलही समजून घ्या. त्यात बँक व्याज लावतेच, तेवढी सूट विक्रेता किंवा कंपनी किमतीत देते. व्याजाच्या रकमेवर 18 टक्के जीएसटी आणि बहुतेक वेळा प्रोसेसिंग फी वेगळी. सूदचा मसला ज्यांना महत्त्वाचा वाटतो त्यांनी सही करण्याआधी कागद वाचावा आणि आपल्या आलिमना विचारावं.

आम्ही काय ठरवलं?

मुलीला आम्ही विचारलं, आत्ताच्या फोनवर तुझं कोणतं काम अडतं? ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "अडत काही नाही, मैत्रिणींकडे आहे." तिच्या फोनला अजून दोन वर्षं अपडेट आहेत, म्हणून तोच ठेवला. तो संपेल तेव्हा पुन्हा बसून बोलू. हीच जर उर्दू वाचणारी दादी असती, किंवा तिच्या फोनचे अपडेट बंद झाले असते, तर आमचा निर्णय कदाचित वेगळा असता.

एक काम मात्र आम्ही त्याच रात्री केलं. अम्मींचे व्हॉइस मेसेज एकेक करून शेअरमधून बाहेर काढले, तारखेसकट फोल्डरमध्ये लावले आणि पेन ड्राइव्हवर ठेवले. तासभर लागला. अम्मी बाजूलाच बसल्या होत्या. म्हणाल्या, "मी आहे ना इथे, हे कशाला?" आम्ही काही बोललो नाही. तुमच्याही घरी असा कुणाचा आवाज फोनमध्ये असेल, तर फोन बदला न बदला, तो आधी बाहेर काढून ठेवा.