गोष्ट कानामागे टाकता येत नाही

आमच्या भागातल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात एक बारकावा होता. पोथी ‘वाचायला’ एकच जण जाई, बाकीचे सारे पोथी ‘ऐकायला’ जात. आणि मान मात्र दोघांचा सारखाच असे. श्रावणात कुणाच्या ओसरीवर हरिविजय किंवा पांडवप्रताप लागला की दिवसभर निंदणी-खुरपणी करून आलेल्या बाया डोक्यावरचा पदर सावरत येऊन बसत. श्रीधरस्वामींच्या या ग्रंथांत जागोजागी श्रोत्यांना हाक आहे. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही आपल्यालाच बोलावले आहे असे वाटावे, अशी ती हाक. गंगाखेडच्या जनाबाईचे अभंग ज्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या जात्यावर जपले, त्यांतल्या कितीजणींनी ते कागदावर पाहिले असतील? अक्षरओळख नाही म्हणजे साहित्याला पारखे, हे समीकरण तेव्हा जुळत नव्हते.

आमच्या घरी पोथीचा एक नियम होता. वाईट प्रसंगावर पोथी बांधून ठेवायची नाही. अभिमन्यू चक्रव्यूहात शिरला आणि कंदिलातले तेल संपत आले, तरी त्याला तिथे तसाच सोडून माणसांनी घरी जायचे नाही. आणखी चार ओव्या पुढे जायचे, बायकांनी डोळे पुसायचे, कुणाला तरी आधार मिळेल अशा जागी थांबायचे आणि मगच पोथीला फडके गुंडाळायचे. लहानपणी ही भाबडी समजूत वाटे. गेल्या काही वर्षांत मोबाइलवर कादंबऱ्या ऐकू लागल्यावर त्या नियमाचा अर्थ थोडा थोडा उमगू लागला आहे.

कादंबरी ऐकण्याचे हे वेड मला निवृत्तीनंतर लागले. त्याआधीची पस्तीस वर्षे बँकेत गेली. त्यातली बरीचशी परभणी जिल्ह्यातल्या शाखांमध्ये, पीककर्जाची प्रकरणे करण्यात. ज्याला सही येत नाही अशा खातेदाराचा अंगठा घेताना कागदावर एक ओळ लिहावी लागते: मजकूर वाचून दाखवला, समजावून सांगितला. ती ओळ मी किती वेळा लिहिली असेल याचा हिशेब नाही. त्या निमित्ताने ऐकणारी माणसे मात्र जवळून पाहता आली. एकदा पूर्णा तालुक्यातल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मला मध्येच थांबवले. म्हणाला, “साहेब, ह्या ओळीला तुमचा आवाज बारीक झाला. ती पुन्हा वाचा.” ती ओळ जमीन गहाण ठेवण्याची होती. शब्दांच्या आधी त्याने आवाज ओळखला होता. वाचणाऱ्यांचा सारा भरवसा शब्दांवर असतो. ऐकणारा आवाजही तपासून पाहतो.

मराठी माणसाला गोष्ट ऐकणे तसे नवीन नाही. परभणी आकाशवाणी केंद्र घराघरांत पोचले, त्या दिवसांत नभोनाट्याची वेळ झाली की शेजारचीही माणसे रेडिओपाशी येऊन बसत. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर यांनी कथाकथनासाठी महाराष्ट्र पालथा घातला. पुढे कॅसेटचा जमाना आला, तेव्हा व. पु. काळे यांच्या कथा मध्यमवर्गीय घरांतून गाण्यांच्या बरोबरीने वाजू लागल्या. पण ही सगळी कथा झाली, अर्ध्या-पाऊण तासात संपणारी. अख्खी कादंबरी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, दहा-दहा, बारा-बारा तास ऐकायची सोय आपल्याकडे फार उशिरा आली. २०१७ च्या अखेरीस स्वीडनच्या ‘स्टोरीटेल’ या कंपनीने भारतात काम सुरू केले, ते मराठी पुस्तके सोबत घेऊनच. त्यानंतर इतरही पुष्कळजण या व्यवसायात उतरले. आता आपल्या वाचनालयांत धूळ खात पडलेली पुस्तकेही कानात बोलू लागली आहेत.

माझी पहिली ऐकीव कादंबरी ‘बनगरवाडी’. माडगूळकरांचे हे १९५५ सालचे पुस्तक मी तीन वेळा वाचलेले. ते कानाला लावून परभणीहून रेल्वेने निघालो. सेलू गेले, परतूर गेले. बाहेर उन्हाळी, उघडी रानं पळत होती आणि कानात माणदेशातली ती धनगरांची वाडी हळूहळू भरत होती, शाळा लागत होती, तालीम उभी राहत होती. शेवटी दुष्काळ पडतो, वाडी ओस होते. वाचताना ही शेवटची पाने मी दर वेळी भराभरा उलटली होती, कारण काय होणार ते ठाऊक होते. ऐकताना तसे करता येईना. घरे एकेक करून रिकामी होत होती आणि प्रत्येक घराला त्याचा त्याचा वेळ द्यावा लागत होता. जालना येईपर्यंत मी खिडकीकडे तोंड करून बसलो होतो.

डोळ्याला पळवाट आहे. दुःखाचा परिच्छेद समोर आला की डोळा दोन ओळी गाळून खाली उतरतो, पान उलटतो, पुढे काय झाले ते चोरून बघून येतो. कानाला पापणी नाही. वाचणारा ज्या चालीने चालेल त्याच चालीने त्याच्यामागे जावे लागते. नावडती गोष्ट कानामागे टाकावी असे आपण म्हणतो, पण कानात चाललेली कादंबरी तशी टाकता येत नाही. म्हणून वाचलेल्या पुस्तकाने जे केले नाही, ते ऐकलेले पुस्तक करून जाते.

अर्थात, हे सगळे वाचणाऱ्यावर अवलंबून असते. काही ध्वनिमुद्रणांत दुःखाचा प्रसंग आला की वाचणारा आधीच गहिवरतो, मागून बासरी नाहीतर व्हायोलिन सुरू होते. अशा वेळी माझे डोळे कोरडेच राहतात. रडण्याचे काम त्याने करून टाकलेले असते, माझ्यासाठी काही उरतच नाही. याच्या उलट पु. ल. देशपांड्यांनी स्वतः वाचलेला ‘अंतू बर्वा’ ऐका. सारा वेळ हसवून झाल्यावर तो म्हातारा कोहिनूर हिऱ्याची गोष्ट काढतो. पु. लं.चा आवाज तिथे कापत नाही. चाल जराशी मंदावते, एवढेच. आणि ऐकणारा हसता हसता गप्प होतो. वाचणाऱ्याने पाण्याची घागर काठोकाठ भरून आणावी आणि आपल्या दारात नुसती ठेवून द्यावी, ती आपल्या अंगावर ओतू नये.

सानेगुरुजींना हे पक्के ठाऊक असावे. ‘श्यामची आई’ या पुस्तकाचा बराचसा भाग त्यांनी १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात लिहिला. त्या पुस्तकाला प्रकरणे नाहीत, रात्री आहेत. आश्रमातले सोबती रात्री जमतात आणि श्याम त्यांना आईच्या आठवणी सांगतो, अशा बेचाळीस रात्री. म्हणजे पुस्तक छापील असले तरी त्याचा घाट ऐकण्याचा आहे. ते एका बैठकीत ऐकून संपवू नये. रोज एक रात्र ऐकावी. मी तसेच ऐकले. शाळेत सक्तीने वाचलेले पुस्तक साठीनंतर, स्वतःची आई गेल्यावर, रोज रात्री थोडे थोडे ऐकणे काय असते, ते सांगायला मला शब्द सापडत नाहीत.

पण कादंबरी ऐकणे म्हणजे काय, हे मला खऱ्या अर्थाने अक्काने शिकवले. अक्का माझी थोरली बहीण. चौथीपर्यंत शिकलेली, हाताला लागेल ते छापील वाचणारी. काचबिंदूने तिची दृष्टी जवळजवळ नेली तेव्हा तिला सर्वांत मोठे दुःख झाले ते पुस्तके सुटल्याचे. नातीने तिला मोबाइलवर ‘पण लक्षात कोण घेतो’ लावून दिली. हरिभाऊ आपट्यांनी ही कादंबरी १८९० पासून आपल्या ‘करमणूक’ साप्ताहिकात हप्त्याहप्त्याने लिहिली. यमुना नावाची मुलगी स्वतःची कहाणी स्वतःच सांगते आहे, असे तिचे रूप. कानात ऐकू येतो तो थेट यमुनेचाच आवाज.

मी गेलो त्या दिवशी कादंबरी यमुनेच्या केशवपनापाशी आली होती. अक्काचा हात नकळत स्वतःच्या डोक्याकडे गेला. आमची एक आत्या होती, लाल आलवणातली. तिच्याविषयी आमच्या घरात कधी कुणी बोलले नाही. अक्का लहानपणी तिच्याच कुशीत झोपायची. अक्का म्हणाली, “बंद कर रे ते.” मी बंद केले. चहा झाला, इकडचे तिकडचे बोलणे झाले. तासाभराने ती एकदम म्हणाली, “लाव पुढं. ती बिचारी तिथंच बसली असेल.”

मी आजवर चार कादंबऱ्या लिहिल्या. समीक्षाही पुष्कळ वाचली. पात्र जिवंत होणे म्हणजे काय, याचा इतका सोपा अर्थ मला दुसरीकडे मिळाला नाही. पोथी वाईट प्रसंगावर का बांधायची नाही, तेही त्याच दिवशी कळले. आपण थांबलो की ते माणूस त्या जागीच राहते. त्या संध्याकाळी अक्काने मला आत्याचे नाव सांगितले, तिला गाणी येत होती हे सांगितले, तिच्या ट्रंकेत काय काय होते ते सांगितले. साठ-पासष्ट वर्षे घरात बंद पडलेला एक विषय एका कादंबरीच्या आवाजाने उघडला.

हा लाभ डोळस माणसांना अलीकडे कळतो आहे, एवढेच. मुळात बोलकी पुस्तके निघाली ती अंधांसाठी. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांची गरज ओळखून ब्रिटनमध्ये १९३५ साली ही सेवा सुरू झाली. पहिल्या काही पुस्तकांत ॲगाथा ख्रिस्तीची एक रहस्यकथा आणि जोसेफ कॉनरॅडची एक समुद्रकथा होती. तबकडीच्या एका बाजूला सुमारे २५ मिनिटांचे वाचन मावे, एका कादंबरीला दहाएक तबकड्या लागत. आपल्याकडे २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि अपंगांसाठी, नफा न घेता, पुस्तक त्यांना वापरता येईल अशा रूपात आणायला परवानगी मिळाली. अंधांना पुस्तके मिळावीत म्हणून २०१३ मध्ये माराकेश येथे आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याला २०१४ मध्ये सर्वांत आधी मान्यता देणारा देश भारत होता. कागदावर आपण पुढेच आहोत. गावोगावच्या काचबिंदूवाल्या अक्कांपर्यंत ते पुस्तक पोचवायला मात्र घरातली एखादी नातच लागते.

आणखी दोन गोष्टी मनात टोचतात. पहिली ही, की आता प्रत्येकाच्या कानात स्वतंत्र बोंडे आली आहेत. एका खोलीत चार माणसे चार गोष्टी ऐकत बसतात. क्यूबातल्या सिगार कारखान्यांत १८६५ च्या सुमारास एक रीत सुरू झाली. कामगार हातांनी पाने वळत आणि मधल्या उंच आसनावर बसून एक जण त्यांना वर्तमानपत्रे, कादंबऱ्या वाचून दाखवी. त्याचा पगार कामगारच वर्गणीने देत. तिथल्या एका प्रसिद्ध सिगारचे ‘माँटेक्रिस्टो’ हे नाव अलेक्झांडर द्यूमाच्या तिथे वाचल्या जाणाऱ्या कादंबरीवरून पडले, असे सांगतात. आपल्या ओसरीवरची पोथी आणि तो कारखाना यांत मला फरक वाटत नाही. दोन्हीकडे रडू आले तर शेजारी कुणीतरी होते.

दुसरी गोष्ट भाषेची. मराठी ऑडिओबुके मी ऐकली तेवढ्यांत आवाज बहुतेक पुण्या-मुंबईकडचेच भेटले. त्यांचे उच्चार स्वच्छ असतात, तक्रार नाही. पण ज्यांचे सारे आयुष्य परभणीत कारकुनी करण्यात गेले आणि ज्यांनी १९५३ साली गेलेल्या दिवसापर्यंत इथल्या माणसांविषयी लिहिले, त्या बी. रघुनाथांची ‘आडगावचे चौधरी’ कुणाच्या आवाजात ऐकायची? आसाराम लोमटे यांच्या ‘आलोक’ या कथासंग्रहाला २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्या कथांतली माणसे गोदाकाठची, आपल्या शेजारची. त्यांच्या तोंडचे ‘कामून’ आणि ‘उगं’ ज्याने घरात ऐकले आहे, त्यानेच ते वाचावे. म्हाताऱ्या शेतकऱ्याने गहाणाच्या ओळीला माझा आवाज ओळखला होता. आपले दुःख परक्या आवाजात आले तर तो कान तेही ओळखील.

यासाठी मोठ्या स्टुडिओची वाट पाहायची गरज नाही. जिल्ह्यात कितीतरी निवृत्त शिक्षिका आहेत, ज्यांनी पस्तीस-चाळीस वर्षे वर्गात धडे वाचून दाखवले. कीर्तनकार आहेत, आकाशवाणीवर नैमित्तिक काम केलेले आवाज आहेत. लेखकाची परवानगी घेऊन त्यांच्याकडून एकेक पुस्तक वाचून घेता येईल. आणि तेही न जमले, तरी एक काम आजच्या रविवारी कुणालाही करता येण्यासारखे आहे. घरात ज्यांचे डोळे थकले आहेत त्यांच्याजवळ बसा. त्यांना आवडणारी एक गोष्ट घ्या, हळूहळू वाचा, आवाज चढवू नका. आणि थांबायची वेळ आली की एवढेच बघा, की गोष्टीतले माणूस कुठे बसले आहे. त्याला उठवून, घरी पोचवून मग पुस्तक मिटा.