चिडाच्या अंगचा लिसा

कुमाऊँ-गढवालच्या डोंगरउतारांवर, साधारण ५०० ते २००० मीटर उंचीच्या पट्ट्यात, चिडाची जंगलं आहेत. तीन-तीनच्या जुडग्यात लांब सुया असलेल्या या झाडाच्या चिकाला तिथे लिसा म्हणतात. लिशाचं ऊर्ध्वपातन केलं की टर्पेंटाइन वेगळं होतं आणि मागे राळ उरते. रंगकाम करणाऱ्यांचं टर्पेंटाइन आणि व्हायोलिनच्या गजाला घासायची राळ, दोन्ही याच कुळातल्या झाडांची देणगी.

एकाच उतारावर, एकाच घेराची दोन झाडं शेजारी उभी असतात. एकाखालचा लिशाचा पेला भरतो, दुसऱ्याखालच्याचा तळही जेमतेम झाकला जातो. लिसा काढायला झाड निवडताना आधी घेर बघतात, आणि ते योग्यच आहे. लिशाच्या नळ्यांभोवती जिवंत पेशींचं अस्तर असतं. त्याच पेशी लिसा तयार करून दाबानं नळीत सोडतात. जाड झाडात असं बाहेरचं जिवंत लाकूड जास्त. शेंडाही महत्त्वाचा. लिसा बनतो साखरेपासून आणि साखर तयार होते सुयांमध्ये, त्यामुळे दाटीत कोंडलेल्या झाडापेक्षा ऐसपैस, उन्हात वाढलेलं झाड सरस ठरतं. उन्हानं लिसा पातळही होतो. म्हणून त्याचा हंगाम उन्हाळ्याच्या तोंडाशी सुरू होतो आणि थंडी पडली की संपतो.

गाभ्यातल्या पेशी मात्र मेलेल्या असतात. खोल खाच मारून लिसा वाढत नाही, खोड तेवढं दुबळं होतं आणि वादळात मोडतं. उभ्या नळ्या आडव्या छेदल्या तर जास्त तोंडं उघडतात, म्हणून उथळ, तिरप्या चिरा देणारी रिल पद्धत जुन्या रुंद खाचेपेक्षा शहाणपणाची. तिच्यात चिरेवर विरळ आम्ल फवारतात. नळ्यांची तोंडं त्यामुळे लवकर बुजत नाहीत.

पण बाहेरून दिसणाऱ्या खुणा अर्धंच सांगतात. नळ्या किती आणि केवढ्या, आतला दाब किती, लिसा किती दाट, हे झाडागणिक वेगळं असतं आणि बरंचसं आनुवंशिक. फ्लॉरिडात १९४०च्या दशकात स्लॅश पाइनची भरपूर चीक देणारी झाडं हेरून त्यांची पैदास सुरू झाली, आणि तो गुण पुढच्या पिढीत उतरला.

हिमालयात मात्र कुठलं झाड किती देतं हे न पाहता सरसकट घाव घातले गेले. लिसा ओघळलेली उघडी जखम वणव्यात आधी पेटते. १९७७ साली टिहरीच्या हेंवल खोऱ्यात झाडं वाचवणाऱ्या चिपको आंदोलनाच्या कार्यकर्त्यांनी लिशासाठी खोडांत ठोकलेले पत्रे उपटले आणि जखमांवर माती लिंपली. त्यांचा राग रास्त होता.

सोलनजवळच्या नौणी इथल्या परमार विद्यापीठानं पुढे आणलेल्या पद्धतीत गिरमिटानं छोटी भोकं पाडून त्यांना बंद भांडं किंवा पिशवी जोडतात. मोठी जखम होत नाही, लिशात कचरा पडत नाही, टर्पेंटाइन उडून जात नाही. हीच पद्धत सगळीकडे यायला हवी, आणि सोबत प्रत्येक झाडाच्या उत्पन्नाची नोंद. म्हणजे कुठल्या झाडाचं बी रोपवाटिकेत न्यायचं हेही कळेल.