तबकडीवरचे नाव आणि कंठातला आवाज

महाबळेश्वराहून पाचगणीस जाणाऱ्या एस. टी. मोटारीत एखादे वेळी परदेशचा प्रवासी शेजारी येऊन बसतो. त्यास स्ट्रॉबेरीचे मळे पाहावयाचे नसतात, की टेबललँडवर घोडाही फिरवावयाचा नसतो. सेंट पीटर्स शाळा कोठे आहे, एवढेच तो विचारतो. 1904 साली स्थापन झालेल्या या शाळेत फारूख बुलसारा नावाचा एक पारशी मुलगा झांजीबारहून शिकावयास आला होता. तोच पुढे फ्रेडी मर्क्युरी या नावाने जगास माहीत झाला. 1958 च्या सुमारास त्याने व त्याच्या चार सोबत्यांनी ‘द हेक्टिक्स’ नावाचा वाद्यवृंद काढला. ब्रूस मरे, डेरिक ब्रांच, फरंग इराणी व व्हिक्टरी राणा हे ते चौघे. त्यांपैकी राणा पुढे नेपाळच्या सैन्यात मोठ्या अधिकारपदास चढले. आता यातील मौज अशी की, त्या वृंदात मुख्य गायक फारूख नव्हताच. गात असे ब्रूस मरे. फारूख पियानो वाजवी आणि मागून दुसरा सूर धरी.

ही गोष्ट कोणत्याही शासकीय दप्तरात नोंदलेली नाही. वर्गसोबत्यांच्या आठवणी, एकदोन छायाचित्रे आणि गाण्याच्या वेडाने झपाटलेल्या लोकांनी पुनःपुन्हा केलेली विचारपूस, एवढ्यावर ती टिकून आहे. अशा लोकांस आपण सहज ‘छांदिष्ट’ म्हणून हसतो. मीही हसत असे. परंतु एके प्रसंगी माझी चांगलीच खोड मोडली, ती हकीकत आधी सांगतो.

वर्गात बोलता बोलता ‘मदर इंडिया’ या 1957 सालच्या चित्रपटातील ‘दुनिया में हम आये हैं’ या गीताचा विषय निघाला. ते एकट्या लताबाईंनी गायिले आहे, असे मी ठामपणे सांगून मोकळा झालो. आठ दिवसांनी एका मुलाने वडिलांची चिठ्ठी आणून दिली. हे गृहस्थ वाईस घड्याळे दुरुस्त करतात. त्यांनी लिहिले होते: “गुरुजी, राग नसावा. त्या गाण्यात लताबाईंबरोबर त्यांच्या बहिणी मीना व उषा याही आहेत. पुन्हा एकदा कान देऊन ऐकावे.” मी ऐकले. गृहस्थांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. आवाज एकाच घरचे असल्यामुळे एकमेकांत मिसळून गेले होते, इतकेच. दुसऱ्या दिवशी वर्गात मला माझे विधान मागे घ्यावे लागले, आणि मुलांस त्याचा केवढा आनंद झाला हे पालकांस सांगणे नलगे!

तेव्हापासून मला हा प्रश्न पडला की, गाणाऱ्याचे नाव मुळात हरवते कसे, आणि हरवलेले सापडते कसे?

आपल्या देशात ध्वनिमुद्रण नुकतेच सुरू झाले तेव्हा ही अडचण गाणाऱ्यांनी स्वतःच सोडविली होती. 1902 साली फ्रेड गेसबर्ग हा ग्रामोफोन कंपनीचा तंत्रज्ञ कलकत्त्यास आला व त्याने गौहर जान हिचे गाणे मुद्रित केले. गाणे संपताच गौहर जान आपले नाव इंग्रजीत मोठ्याने उच्चारीत असे. कारण तबकड्या जर्मनीत हानोव्हर येथे तयार होत. तेथील कारागिरास ना भाषा कळे, ना गायिका ठाऊक असे. लेबलावर काय छापावे हे त्यास त्या उच्चारावरून समजत असे. याखेरीज लेबलाच्या कडेला, लाखेच्या काळ्या भागात, एक बारीक आकडा कोरलेला असतो. तो मुद्रणाचा अनुक्रमांक होय. लेबल चुकीचे लागू शकते, पुढे बदललेही जाते. हा आकडा मात्र मुद्रणाच्या वेळचा असतो, म्हणून जाणते संग्राहक तबकडी हाती येताच लेबलाबरोबर तोही वाचतात.

बोलपट आले, पार्श्वगायन रुळले, आणि नाव सांगण्याची ती चाल मागे पडली. पडद्यावर ओठ हलविणारी नटी एक आणि गाणारी दुसरी, अशी व्यवस्था झाली. 1949 साली बॉम्बे टॉकीजचा ‘महल’ हा चित्रपट निघाला. खेमचंद प्रकाश यांनी संगीत दिलेले ‘आयेगा आनेवाला’ हे त्यातील गीत घरोघर पोहोचले. पण रेकॉर्डच्या लेबलावर गायिका म्हणून नाव छापले होते ‘कामिनी’! कामिनी हे मधुबालेने केलेल्या भूमिकेचे नाव. म्हणजे जी बाई या जगात जन्मलीच नाही, तिच्या नावावर गाणे जमा झाले होते. लताबाईंनी पुढे मुलाखतींतून सांगितले आहे की, रेडिओवर हे गाणे लागू लागताच ‘ही गाते कोण?’ अशी विचारणा करणारी श्रोत्यांची पत्रे येऊ लागली. तेव्हा रेडिओवाल्यांनी कंपनीकडे चौकशी केली, आणि मग नाव सांगितले गेले. वीस वर्षांच्या मुलीचे नाव पोस्टकार्ड लिहिणाऱ्या अनोळखी माणसांनी उजेडात आणले. त्यानंतर लताबाईंनी रेकॉर्डवर गायकाचे नाव असावे असा आग्रह धरला, आणि त्याच सुमारास ‘बरसात’च्या रेकॉर्डांवर त्यांचे नाव आले. फिल्मफेअरच्या पारितोषिकांत पार्श्वगायनास स्थान मिळावयास मात्र 1959 साल उजाडावे लागले.

अशीच एक गोष्ट सातासमुद्रापलीकडे घडली. ती आमच्या विद्यार्थिनींनी अवश्य लक्षात घ्यावी, कारण तीत बहुतेक शाळेतल्या मुलीच आहेत.

1960 च्या आगेमागे अमेरिकेत तीनचार मुलींनी मिळून गाण्याचे वृंद फार लोकप्रिय झाले. त्यांची सुरुवात नाटकगृहात वा हॉटेलात झालेली नाही. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील ‘द शँटेल्स’ या मुली एका कॅथॉलिक शाळेच्या गायनवृंदातून आलेल्या होत्या. ‘द शिरेल्स’ या न्यू जर्सीतील पसेइक गावच्या चार वर्गमैत्रिणी. त्यांचे गाणे ऐकून एका सहाध्यायिनीने त्यांस आपल्या आईकडे नेले, व त्या आईने त्यांची रेकॉर्ड काढली. 1961 च्या आरंभी त्यांचे गाणे अमेरिकेच्या लोकप्रियतेच्या यादीत पहिले आले. कृष्णवर्णीय मुलींच्या वृंदास हा मान तोवर मिळालेला नव्हता. त्याच वर्षाच्या अखेरीस ‘द मार्व्हलेट्स’ यांचे ‘प्लीज मिस्टर पोस्टमन’ पहिल्या स्थानी गेले. मिशिगन संस्थानातील इंकस्टर गावच्या हायस्कुलात शिकत असताना त्या एकत्र आल्या होत्या. शाळेतील गुणदर्शनाच्या चढाओढीपासून त्यांचा प्रवास सुरू झाला. डेट्रॉइटची मोटाऊन ही कंपनी पुढे केवढी मोठी झाली! पण त्या यादीतील तिचा पहिला क्रमांक या शाळकरी मुलींनी तिला मिळवून दिला.

आणि येथेच नावांचा घोटाळाही झाला. कंपनीच्या दृष्टीने वृंदाचे नाव म्हणजे व्यापाराचा शिक्का. त्या शिक्क्यामागे कोणाचा कंठ आहे याची खरेदी करणाऱ्यास काय पर्वा, असा तो हिशोब. 1962 साली ‘हीज अ रेबेल’ हे गाणे ‘द क्रिस्टल्स’ या वृंदाच्या नावाने प्रसिद्ध झाले व पहिल्या क्रमांकावर गेले. परंतु क्रिस्टल्सच्या मुलींनी ते गायिलेच नव्हते. निर्माता फिल स्पेक्टर त्या वेळी लॉस एंजेलिसला होता आणि त्या मुली दूर देशाच्या दुसऱ्या टोकास होत्या. दुसरे कोणी तेच गाणे आधी बाजारात आणील या घाईने त्याने ‘द ब्लॉसम्स’ नावाच्या तेथल्याच वृंदाकडून ते म्हणवून घेतले. मुख्य आवाज डार्लीन लव्ह हिचा होता. ही एका पाळकाची कन्या, गाणे शिकली ती मंदिरातील गायनवृंदात. तिच्या आवाजाचे गाणे देशभर वाजत होते आणि लेबलावर नाव दुसऱ्यांचे. क्रिस्टल्सची दशा तरी कोठे बरी होती? आपल्या नावाचे नवे गाणे त्यांस रेडिओवर ऐकावयास मिळाले, आणि मग रंगमंचावर ते आपलेच म्हणून गाणे भाग पडले. दोन्हीकडच्या मुली नाडल्या गेल्या.

हा गुंता उलगडण्यास बरीच वर्षे लागली, आणि त्यात रेकॉर्डवेड्या श्रोत्यांचा हात मोठा आहे. ते काय करीत? एकाच नावाच्या दोन रेकॉर्डी लागोपाठ लावीत. या गाण्यातला खालचा, भरदार सूर त्या गाण्यात नाही, मग ही एकच मुलगी कशी? अशी शंका आली की मुद्रणाचे आकडे ताडून पाहत, वादकांच्या संघटनेकडील कागदांवरून मुद्रणाचा दिवस व जागा शोधीत, आणि हयात असलेल्या वादकांस व गायिकांस गाठून विचारीत. एकाने चूक केली तर दुसरा ती छापून दुरुस्त करी. वाईच्या त्या गृहस्थांप्रमाणेच म्हणा ना. डार्लीन लव्ह हिला आपल्या गाण्यांच्या मोबदल्यासाठी पुढे न्यायालयात जावे लागले. 1997 साली निकाल तिच्या बाजूने लागला. 2011 साली रॉक संगीताच्या सन्मानमंदिरात तिचे नाव दाखल झाले. त्या वेळी ती सत्तरीच्या उंबरठ्यावर होती. नावाचा प्रश्न हा नुसत्या मानाचा नसतो, त्यात पोटाचाही प्रश्न असतो, हे येथे ध्यानात येते.

आपल्याकडेही असे साधक आहेत. 1990 साली मुंबईत जुन्या तबकड्यांच्या संग्राहकांची एक संस्था निघाली. सुरेश चांदवणकर हे तिचे कार्यवाह. सभासद एकत्र जमून दुर्मिळ रेकॉर्डी ऐकवीत, माहितीची देवघेव करीत, आणि ती संस्थेच्या नियतकालिकात छापीत. कानपूरच्या हरमंदिर सिंह ‘हमराज’ यांनी हिंदी चित्रपटांतील गीतांचा दशकवार कोश रचला. चित्रपटगृहाबाहेर मिळणाऱ्या गाण्यांच्या पातळ चोपड्या, ज्या आपल्या आज्यांनी रद्दीत घातल्या, त्या अशा कामी सोन्याच्या मोलाच्या ठरतात.

कधी नाव दुसऱ्याने लपविलेले नसते, स्वतः कलावंतच ते लपवितो. साठीच्या दशकात भालजी पेंढारकरांच्या ‘मोहित्यांची मंजुळा’, ‘मराठा तितुका मेळवावा’, ‘साधी माणसं’ या चित्रपटांस ‘आनंदघन’ नावाच्या संगीतकाराने चाली दिल्या. 1965 च्या ‘साधी माणसं’ला राज्य पारितोषिक जाहीर झाले. समारंभात आनंदघनांचे नाव पुकारले गेले तरी कोणी उठेना. अखेर आनंदघन म्हणजे लता मंगेशकर, असे व्यासपीठावरून सांगण्यात आले, आणि मग त्या उठल्या. सांगलीत मास्टर दीनानाथांच्या घरी ज्या मुलीचे बालपण गेले, तिचे नाव एकदा कंपनीने झाकले आणि एकदा तिने स्वतः. पहिल्या वेळी श्रोत्यांनी ते शोधले. दुसऱ्या वेळी मात्र कानांना चाली ऐकू आल्या तरी करणारा ओळखता आला नाही. आवाज ओळखणे सोपे, चालीवरून माणूस ओळखणे त्याहून पुष्कळच कठीण.

आता थोडे आपल्या घरचे. गतवर्षी शाळेचे जुने कपाट आवरताना एक कॅसेट सापडली. तिच्यावर शाईने ‘नाताळ 1991, मुलींचे गायन’ एवढेच लिहिलेले आहे. फीत ठिकठिकाणी खरखरते, तरी तीन गीते स्वच्छ ऐकू येतात. पेटी वाजविणाऱ्या बाई आज हयात नाहीत. माजी विद्यार्थिनींस ऐकवून व त्या वर्षीच्या छायाचित्राशी ताडून आठ मुलींपैकी सहाजणींची नावे लागली. त्यांतील एकीस तर आपला आवाज तिच्या मुलीने ओळखून दिला. दोन नावे राहिली आहेत. एक मुलगी छायाचित्रात डावीकडून तिसरी, दोन वेण्या घातलेली. दुसरी छायाचित्रात नाहीच. तिसऱ्या गीताच्या शेवटच्या कडव्यात खालचा सूर एकटीने धरून ठेवते ती. कॅसेट आता संगणकावर उतरवून ठेवली आहे. ज्या पालकांच्या घरी त्या काळची विद्यार्थिनी असेल, त्यांनी शनिवारी शाळा सुटल्यावर येऊन ती ऐकावी. शिक्षकांच्या खोलीत मी दोन वाजेपर्यंत असतो.