तीन गोन्साल्विस, एक समुद्र

पुण्यात सवाई गंधर्व महोत्सव १९५३ साली सुरू झाला आणि पुढच्याच वर्षी, १९५४च्या जुलैमध्ये, अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडच्या किनाऱ्यावर न्यूपोर्ट जॅझ फेस्टिव्हल पहिल्यांदा भरला. दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नव्हता, पण ध्यास सारखा होता. दिवाणखान्यातलं किंवा क्लबातलं संगीत मोकळ्या आभाळाखाली आणायचं, हजारोंना एकत्र बसवायचं आणि दर वर्षी त्याच दिवसांत परत बोलवायचं. पुण्यात हे काम भीमसेन जोशींनी गुरूच्या स्मृतीसाठी अंगावर घेतलं. न्यूपोर्टला ते जॉर्ज वीन या पियानोवादकाने केलं. बोस्टनमध्ये त्याचा स्वतःचा जॅझ क्लब होता आणि न्यूपोर्टच्या लोरिलार्ड या धनिक दांपत्याने त्याला गावात आणलं. न्यूपोर्ट हे श्रीमंतांचं उन्हाळ्यात हवा खायला जाण्याचं गाव. तिथल्या हिरवळीवर कृष्णवर्णीय वादकांचं संगीत दिमाखात वाजू लागलं, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती.

उन्हाळा, समुद्र आणि जॅझ यांची सांगड जगाने मुख्यतः तिथूनच उचलली. १९६०मध्ये फ्रान्सच्या भूमध्य किनाऱ्यावर ज्वाँ-ले-पँ इथे असाच महोत्सव सुरू झाला, तर १९७६ पासून हॉलंडमध्ये 'नॉर्थ सी' भरू लागला. मुंबईतल्या मनोरी गावात राहून या सगळ्याचा विचार करताना एक प्रश्न मला सोडत नाही. ज्या मुंबईने तीन पिढ्या अव्वल दर्जाचे जॅझवादक पोसले, जिच्या तिन्ही बाजूंना पाणी आहे, तिच्या किनाऱ्यावर असा एक कायमचा महोत्सव का टिकला नाही?

न्यूपोर्टची सगळ्यात गाजलेली रात्र ७ जुलै १९५६ची. ड्यूक एलिंग्टनचा बँड तेव्हा उतरणीला लागला होता. रात्री उशिरा त्याने आपल्या दोन जुन्या रचना जोडून वाजवायला घेतल्या आणि मधली मोकळी जागा सॅक्सोफोनवादक पॉल गोन्साल्विसला दिली. आपल्याकडे जसं तबल्याचं आवर्तन फिरत राहतं आणि गायक त्यावर बढत करतो, तसं ब्लूजमध्ये बारा मात्रागटांचं चक्र फिरतं. त्याला कोरस म्हणतात. गोन्साल्विसने एकापाठोपाठ एक सत्तावीस कोरस वाजवले. लोक आधी उभे राहिले, मग नाचू लागले, आणि गर्दी हाताबाहेर जाईल या भीतीने आयोजक मंचाजवळ धावले. पुढच्याच महिन्यात एलिंग्टन 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर होता.

या रात्रीची एक बारीक गोष्ट मला फार मोलाची वाटते. मंचावर दोन मायक्रोफोन होते, एक रेकॉर्ड कंपनीचा आणि दुसरा 'व्हॉइस ऑफ अमेरिका' या नभोवाणीचा. गोन्साल्विस वाजवत राहिला तो दुसऱ्यासमोर. त्यामुळे कंपनीच्या ध्वनिमुद्रणात त्याचा आवाज लांबून आल्यासारखा पुसट राहिला. नभोवाणीची टेप पुढे १९९०च्या दशकात सापडली, दोन्ही जोडून १९९९मध्ये नवी आवृत्ती निघाली, तेव्हा कुठे तो सोलो जवळून ऐकू आला. हीच ती नभोवाणी, जिच्यावर विलिस कोनोव्हरचा जॅझचा कार्यक्रम १९५५ पासून शॉर्टवेव्हवर जगभर जात होता. मुंबईतही खरखर सहन करत, रात्री रेडिओला कान लावून तो ऐकणारी माणसं होती.

पॉल गोन्साल्विसचे आईवडील केप व्हर्डी बेटांवरचे, म्हणजे आफ्रिकेजवळच्या पोर्तुगीज वसाहतीतले. ब्राझ गोन्साल्विस हा आपल्या देशातला थोर सॅक्सोफोनवादक गोव्यातल्या नेवऱ्याचा. १९७०मध्येच 'रागा रॉक' ही तबकडी काढून त्याने रागांचे स्वर जॅझच्या तालात बसवून दाखवले. तिसरा अँथनी गोन्साल्विस, माजोर्ड्याचा. प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन यांना व्हायोलिन आणि पाश्चात्त्य स्वरलेखन शिकवणारा हा गुरू. 'अमर अकबर अँथनी'तल्या गाण्यातून त्याचं नाव घराघरात गेलं ते प्यारेलाल यांच्या आदरापोटी. तिघांचं आडनाव एक, नातं काही नाही. त्यांना जोडतो तो पोर्तुगीजांचा समुद्रमार्ग, आणि गोव्याच्या दोघांमागे चर्चच्या आवारातली संगीताची शाळाही आहे. गोव्यात पाद्रींच्या देखरेखीखाली खेड्यापाड्यांतल्या मुलांना स्वरलिपी वाचायला शिकवत, व्हायोलिन हाती देत. तीच मुलं पोट भरायला मुंबईत आली आणि हॉटेलांत, आगबोटींवर, संस्थानिकांच्या बँडमध्ये आणि शेवटी सिनेमाच्या वाद्यवृंदात बसली. १९६३मध्ये एलिंग्टनचा बँड भारतात आला, तेव्हा पॉल गोन्साल्विस त्यात होता.

मुंबईच्या जॅझची कथा नरेश फर्नांडिस यांनी 'ताज महाल फॉक्सट्रॉट' या पुस्तकात नीट मांडली आहे, म्हणून इथे ती सगळी सांगत नाही. १९३५मध्ये लिऑन ॲबीचा कृष्णवर्णीय वादकांचा बँड ताजमध्ये आला, मागून टेडी वेदरफोर्ड आला आणि गोवेकर वादकांनी त्यांच्याकडून ही भाषा आत्मसात केली. मराठी वाचकाला मात्र एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. जॅझ हे परक्यांचं संगीत आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी ते लहानपणापासून ऐकलेलं असतं. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, आणि आल्दोन्याचा अंतोनियो झेवियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट या जोडीने १९५१च्या 'अलबेला'त स्विंग आणून ठेवला. चिकचा ट्रंपेट लुई आर्मस्ट्राँगच्या वळणाचा होता आणि सिनेमात तो आपल्या बँडसह पडद्यावरही दिसतो. समोर नाचतात ते भगवान पालव, म्हणजे दादरच्या चाळीतले आपले भगवानदादा. गिरणगावातल्या माणसाने ज्या ठेक्यावर ताल धरला आणि ज्याची नक्कल आजही गणपतीच्या मिरवणुकीत चालते, त्याच्या मागे जॅझचं माहेर न्यू ऑर्लिन्स उभं आहे. १९५७च्या 'आशा'मध्ये सी. रामचंद्रांनी याच्याही पुढचा पल्ला गाठला.

सिनेमाने या वादकांना जगवलं, पण त्यांची नावं मात्र श्रेयनामावलीत क्वचितच आली. त्यांचा खरा मान झाला तो महोत्सवाच्या मंचावर. तो मंच उभा केला निरंजन झवेरी यांनी. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला 'ब्लू ऱ्हिदम' हे जॅझला वाहिलेलं मासिक काढणाऱ्या मित्रमंडळींपैकी ते एक. १९७८च्या फेब्रुवारीत धोबीतलावच्या रंगभवनमध्ये त्यांनी 'जॅझ यात्रा' भरवली. पहिल्याच वर्षी सॅक्सोफोनवादक सॉनी रोलिन्स, क्लार्क टेरी, जपानचा सादाओ वातानाबे अशी माणसं आली. त्यानंतर दर दोन वर्षांनी हा मेळा भरू लागला. शीतयुद्धाचा काळ असल्याने अमेरिका काय आणि पोलंड काय, प्रत्येक सरकारला आपले वादक भारतात पाठवायची हौस होती. परदेशी वकिलाती आणि सांस्कृतिक केंद्रांच्या त्या हौशीतून झवेरींनी जागतिक दर्जाचा कार्यक्रम उभा केला. पैसा थोडा, चिकाटी अफाट. पियानोवादक लुई बँक्स, ब्राझ गोन्साल्विस आणि कर्नाटक संगीतातल्या गायिका रमामणी यांना एकत्र आणून परदेशी नेण्यासारखा वाद्यमेळ तयार झाला, तोही याच यात्रेतून.

रोलिन्सच्या येण्यामागे आणखी एक धागा आहे आणि तो आमच्या उपनगरातला आहे. १९६०च्या दशकाच्या अखेरीस, कीर्तीच्या शिखरावर असताना, मन अस्वस्थ झालं म्हणून हा माणूस पवईच्या स्वामी चिन्मयानंदांच्या आश्रमात येऊन काही महिने राहिला होता. ध्यानाला बसलं की चित्त ठरत नाही, ही त्याची तक्रार होती. तुझं वाजवणं हेच तुझं ध्यान आहे, असं त्याला स्वामींनी सांगितल्याचं तो पुढे मुलाखतींत सांगत असे. दहाएक वर्षांनी तोच सॅक्सोफोन रंगभवनच्या उघड्या मंचावर घुमला. मुंबईचा जॅझशी संबंध पाहुणचारापुरता नव्हता, हे याहून स्पष्टपणे कसं दाखवायचं?

आणि मग जागाच गेली. रंगभवनच्या शेजारी कॉलेज आणि इस्पितळं आहेत. इस्पितळं, शिक्षणसंस्था आणि न्यायालयं यांच्याभोवतीचं शंभर मीटरचं शांतता क्षेत्र आणि रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपकांना बंदी हे नियम २००० साली आले, न्यायालयात दाद मागितली गेली आणि २००३च्या सुमारास रंगभवन मोठ्या संगीतासाठी बंद झालं. 'जॅझ यात्रा'ही त्याच सुमारास ओसरली. हा नियम चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. आजाऱ्याला झोप मिळालीच पाहिजे. पण एक जागा काढून घेताना दुसरी देण्याची जबाबदारी कुणी घेतली नाही, हे मला डाचतं. सवाई गंधर्वलाही याच नियमांनी रात्रभराच्या मैफली सोडायला लावल्या, पुढे रमणबागेचं मैदानही सुटलं, पण आर्य संगीत प्रसारक मंडळाने वेळ बदलली, मैदान बदललं आणि महोत्सव चालू ठेवला. त्यांच्यामागे अख्खं पुणे होतं. झवेरींच्या मागे मूठभर माणसं होती.

न्यूपोर्टवरही असे प्रसंग आले. १९६०मध्ये मैदानाबाहेर दंगल झाली, १९७१मध्ये जमावाने कुंपण तोडलं आणि गावाने महोत्सवाला हाकलून दिलं. पुढची काही वर्षं तो न्यूयॉर्कमध्ये भरत होता. १९८१मध्ये वीनने तो न्यूपोर्टला परत आणला, या वेळी खाडीकाठच्या फोर्ट ॲडम्स या जुन्या किल्ल्याच्या आवारात. आता दर ऑगस्टमध्ये लोक होड्या नांगरून पाण्यातूनही ऐकतात. राज्याने एक सरकारी जागा दिली, वेळेची आणि गर्दीची मर्यादा आखली, एवढ्यावर परतीचा रस्ता झाला.

आज मुंबईत नोव्हेंबरमध्ये एनसीपीए या कलाकेंद्राचा जॅझ महोत्सव होतो. नरिमन पॉइंटला समुद्र हाकेच्या अंतरावर असतो आणि श्रोते वातानुकूलित सभागृहात. ३० एप्रिलला, युनेस्कोने ठरवलेल्या आंतरराष्ट्रीय जॅझ दिनी, लुई बँक्स आणि इतर मंडळी जमेल तिथे कार्यक्रम करतात. गोव्यात कॉलिन डिक्रूझ चिकाटीने मैफली भरवतात. शोभा गुर्टूंचे चिरंजीव, तालवादक त्रिलोक गुर्टू जगभर वाजवतात. 'उस्फ्रेट' या त्यांच्या पहिल्या तबकडीत बेळगावच्या या ठुमरीसम्राज्ञीचा आवाज डॉन चेरीच्या ट्रंपेटबरोबर ऐकताना मराठी माणसाला अभिमान वाटावा. गुण आहे, श्रोता आहे. ज्याला आपलं म्हणता येईल असं मोकळं मैदान तेवढं नाही.

म्हणून मी मनोरीकडे वळतो. मार्व्याच्या धक्क्यावरून फेरीबोटीने खाडी ओलांडली की हे गाव. धारावी बेटाचं दक्षिण टोक. इथले ईस्ट इंडियन, म्हणजे मूळचे मराठी बोलणारे ख्रिस्ती, आणि कोळी बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसतात, पण इथे ब्रास बँड ही लग्नाची गरज आहे. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी उंबराचं पाणी आणायला बायका विहिरीवर निघतात, पुढे घुमट आणि बँड. ट्रंपेटवाला गालांत हवा भरून एका दमात लांब सूर धरतो, क्लॅरिनेट त्याच्या भोवती वेलांट्या घेतो, मागून ट्रॉम्बोन घसरत येतो. चाल सगळ्यांना पाठ असते, पण प्रत्येक फेरीला कुणीतरी तिच्यात आपलं काहीतरी घालतो. न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यांवर लग्नकार्यांत आणि अंत्ययात्रांत वाजणाऱ्या ब्रास बँडमधून जॅझ वर आलं. आमच्या गावठाणात ते बीज आजही जिवंत आहे आणि त्याचा मोसम नेमका एप्रिल-मे आहे.

उन्हाळ्यात किनाऱ्यावर वाजवणं सोपं नसतं. गरम हवेत फुंकवाद्यांचा सूर चढतो आणि तारा सैलावून खाली येतात, त्यामुळे सॅक्सोफोन आणि गिटार यांना दर अर्ध्या तासाने पुन्हा जुळवून घ्यावं लागतं. खारी दमट हवा तारांना गंज चढवते आणि सॅक्सोफोनची चामड्याची पॅडं फुगवते. पण एक गोष्ट आमच्या बाजूची आहे. दुपारपासून संध्याकाळपर्यंत वारा समुद्राकडून जमिनीकडे वाहतो. मंच गावाकडे पाठ करून समुद्राकडे तोंड केलेला ठेवला आणि श्रोते त्याच्यासमोर वाळूवर बसवले, तर वाऱ्याविरुद्ध जाणारा आवाज वर वळतो, लांब पोहोचत नाही, आणि स्पीकरची पाठ गावाकडे राहते. सूर्यास्ताआधी सुरुवात आणि दहाच्या आत समाप्ती हे इथे सहज जमेल.

याला विरोध होईल, आणि तो मला मान्य आहे. शनिवारी रात्री रिसॉर्टांतून येणाऱ्या धडधडाटाला हे गाव विटलं आहे. महापालिकेचा समुद्राचं पाणी गोडं करण्याचा प्रकल्प, किनारी रस्ता, पूल अशा योजना या बेटाच्या डोक्यावर आहेत आणि दर वेळी गावाला शेवटी विचारलं जातं. त्यामुळे महोत्सव बाहेरच्या कंपनीने येऊन भरवू नये. ग्रामस्थ, मच्छीमार सोसायटी आणि चर्चमधली मंडळी यांच्या समितीकडे मैदान आणि तारखा असाव्यात, बोंबील वाळवायच्या जागेला हात लागू नये, खाण्याचे स्टॉल गावातल्या बायकांचे असावेत आणि फेरीच्या जादा फेऱ्यांचा खर्च तिकिटातून निघावा. सरकारने पाच वर्षांची परवानगी एकदम द्यावी, कारण दर वर्षी नव्याने अर्ज करणाऱ्या महोत्सवाला कुठलाही नामवंत वादक आगाऊ तारीख देत नाही. झवेरींची अर्धी ताकद अशाच कागदांमागे धावण्यात गेली असणार.

३० एप्रिल ही तारीख मला पसंत आहे. दुसऱ्या दिवशी महाराष्ट्र दिनाची सुट्टी, मासेमारीची पावसाळी बंदी अजून महिनाभर लांब, आणि लग्नाचे बँड तयारीत. पहिल्या संध्याकाळी मंचावर आधी गावातलाच बँड चढावा, आपल्या विहिरीवरच्या चाली घेऊन, आणि त्याच चालींवर पुढचा तासभर लुई बँक्ससारख्यांनी वाजवावं.