जंगलाची किंमत हेक्टरी किती, आणि ती मिळते कुणाला?

माझ्या पीएचडीचा विषय ‘पर्यावरणाचा कारभार’ आहे असं सांगितलं की बहुतेकांना वाटतं, मी झाडं लावते किंवा प्रदूषण मोजते. खरं तर मी एवढंच बघते: निसर्गाबद्दलचे निर्णय कोण घेतं, कशाच्या आधारावर घेतं आणि त्याचा फायदा-तोटा कुणाच्या वाट्याला येतो. आज हे एका उदाहरणातून समजून घेऊ. ते उदाहरण म्हणजे जंगलाची किंमत.

आधी एक संकल्पना: परिसंस्था सेवा

जंगल आपल्याला काय देतं? मोहफुलं, तेंदूपत्ता, बांबू, जळण हे लगेच आठवतं. या झाल्या पुरवठा सेवा. पण जंगल पावसाचं पाणी मुरवतं, माती धरून ठेवतं, कार्बन साठवतं. या नियामक सेवा. देवराई, सण, फिरायला जाणं या सांस्कृतिक सेवा. आणि मातीची निर्मिती, पोषक द्रव्यांचं चक्र या आधारभूत सेवा, ज्यांच्यावर बाकी सगळं उभं असतं. ही चार गटांची मांडणी २००५ च्या ‘मिलेनियम इकोसिस्टिम असेसमेंट’ या जागतिक अहवालामुळे रूढ झाली.

यातल्या तेंदूपत्त्याला बाजारभाव आहे, पाणी मुरवण्याला नाही. ज्याला भाव नाही ते हिशेबात शून्य धरलं जातं. म्हणून अर्थतज्ज्ञ म्हणाले, या सेवांना अंदाजे का होईना, पण किंमत लावू.

भारतात ही किंमत कशी ठरली?

आपल्याकडे हे काम न्यायालयातून पुढे आलं. गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सांगितलं, की खाण, धरण, रस्ता अशा कामासाठी वनजमीन घेणाऱ्याने जंगलाचं ‘निव्वळ वर्तमान मूल्य’ भरलं पाहिजे. ते कसं काढायचं हे ठरवण्यासाठी कांचन चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली गेली. २००८ मध्ये न्यायालयाने दर मान्य केले: जंगलाचा प्रकार आणि घनता बघून हेक्टरी ४.३८ लाख ते १०.४३ लाख रुपये. अभयारण्यातली जमीन असेल तर पाचपट, राष्ट्रीय उद्यानातली असेल तर दहापट. पुढे हे दर वाढवण्यात आले.

आता ‘वर्तमान मूल्य’ या शब्दाकडे नीट बघा. भविष्यात मिळणारा फायदा आज कमी मोलाचा धरतात. समजा, सूट-दर ५ टक्के धरला. मग २० वर्षांनी मिळणारे १०० रुपये आज साधारण ३८ रुपयांचे ठरतात, आणि ५० वर्षांनी मिळणारे १०० रुपये ९ रुपयांचेसुद्धा नाहीत! कारखान्याच्या हिशेबात हे ठीक आहे. पण जंगल मुरायलाच कित्येक दशकं लागतात. तुमच्या नातवंडांना मिळणारं पाणी या गणितात जवळपास फुकट ठरतं. म्हणजे सूट-दर किती धरायचा हा नुसता गणिताचा प्रश्न उरत नाही. पुढच्या पिढीला आपण किती वजन देतो, हे त्यात दडलेलं असतं.

पैसा जातो कुठे?

भरपाईचा हा पैसा ‘कॅम्पा’ निधीत जमा होतो. २०१६ च्या कायद्यानुसार त्यातला ९० टक्के हिस्सा राज्यांना आणि १० टक्के केंद्राला मिळतो. खर्चाचं नियोजन आणि अंमलबजावणी मुख्यतः वनखात्याकडे असते. आता विचार करा: जंगल गेल्यावर डिंक, मोह, चराई, झऱ्याचं पाणी कुणाचं गेलं? शेजारच्या गावाचं. पैसा मात्र सरकारी निधीत, आणि त्यातून होणारी लागवड कदाचित दुसऱ्याच जिल्ह्यात. किंमत अगदी बरोबर काढली तरी ज्याचं नुकसान झालं त्याच्यापर्यंत ती पोहोचेलच असं नाही.

मग निर्णय कुणाचा?

इथे २००६ चा वनहक्क कायदा महत्त्वाचा ठरतो. गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचं गाव. २००९ मध्ये त्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशातल्या अशा पहिल्या गावांपैकी हे एक. पण बांबू विकायची वेळ आली तेव्हा गाडी अडली. १९२७ च्या वन कायद्यात बांबू ‘झाड’ होता, तर वनहक्क कायद्यात तो गौण वनोपज! वनस्पतिशास्त्रात तर ते चक्क गवत आहे. अखेर एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात आलं. जंगल तेच आणि बांबू तोच होता. सही करणारा हात बदलला, आणि बांबूचं उत्पन्न गावाकडे आलं.

दुसरं उदाहरण ओडिशातल्या नियमगिरीचं. तिथल्या बॉक्साइट खाणीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ग्रामसभांपुढे ठेवायला सांगितलं. बाराही ग्रामसभांनी नकार दिला. डोंगरिया कोंध लोकांसाठी तो डोंगर म्हणजे देव. त्याचा हेक्टरी दर काय लावणार?

तर मग किंमत लावूच नये का?

असं मला वाटत नाही. किंमत नव्हती तेव्हा वनजमीन जवळजवळ फुकटात जात होती. आकडा हे कामाचं हत्यार आहे, पण ‘हो की नाही’ हे विचारून झाल्यावर वापरायचं. २००९ च्या एका परिपत्रकाने वनजमीन वळवण्याआधी ग्रामसभेची संमती आवश्यक केली होती. २०२२ च्या नियमांनी मात्र वनहक्कांची पूर्तता केंद्राच्या मंजुरीनंतर राज्यांवर सोपवली. मंजुरी आधीच मिळाली असेल तर गावाला विचारण्याला अर्थ किती उरतो, हा वाद त्यातूनच सुरू झाला.

तुम्ही काय करू शकता? २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. तुमच्या ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत जाऊन ती बघायला मागा. कुठली झाडं, कुठले मासे, कुठलं औषध, आणि ते कोण वापरतं, हे त्यात लिहिलेलं असलं पाहिजे. उद्या एखादा प्रकल्प आला तर गावाकडे दाखवायला हा एक कागद असेल. वही कोरी असेल तर लिहायला सुरुवात करा.